दोस्तीत गेम स्टुडिओ काढताय? आधी वाटे कागदावर आणा

चतुर्थीला मी गावी गेलो होतो. आमचं घर आचऱ्याच्या बाजूला. तिथे रेंज मिळते ती खळ्याच्या कोपऱ्यात, माडाखाली. पाच दिवसांचे गणपती पोचवून आलो, ओल्या कपड्यांनीच लॅपटॉप उघडला आणि आमच्या गेमचा कोड उतरवायला गेलो. 'रिपॉझिटरी सापडली नाही.' म्हणजे कोड ठेवायची आमची सामायिक ऑनलाइन जागाच दिसेना. आधी वाटलं, रेंज गेली. मग व्हॉट्सअ‍ॅप बघितलं, तर ग्रुपमधूनही मला काढलेलं. चौघांनी दोन वर्षं खपून बनवलेल्या गेममध्ये माझा २० टक्के वाटा होता, पण त्या संध्याकाळी तो दाखवायला माझ्याकडे एक चिठोरं नव्हतं. मालवणच्या बाजारातल्या माडीवर सुरुवात केली तेव्हा मीच म्हटलं होतं, "लिवन कित्याक व्हया? आपण काय परके आसव?"

हेच वाक्य आज कुडाळ, रत्नागिरी, चिपळूण, अलिबागच्या मुलामुलींच्या तोंडून ऐकतो, म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही. तुमचा करार वकिलाकडून किंवा सीएकडून तपासून घ्याच. पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं ते इथून घेऊन जा.

पायरी १ : कोण काय घालतंय ते एका कागदावर मांडा

रापणीला जाणाऱ्याला वाटा समजावून सांगावा लागत नाही. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, दोरी ओढणाऱ्याचा वाटा, सगळं मासळी वाळूवर यायच्या आधी ठरलेलं असतं. जाळं रिकामं आलं तरी ठरलेलं मोडत नाही आणि भरून आलं तरी नाही. गेम स्टुडिओत आपण नेमकं उलटं करतो. आधी गेम बनवतो, ती चालायला लागली की वाट्यांचं बोलायला बसतो. तोवर प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा आकडा पक्का झालेला असतो.

म्हणून पहिल्याच आठवड्यात बसा. कोण कोड लिहिणार, कोण चित्रं काढणार, संगीत कोणाचं, आठवड्याला किती तास, रोख किती, वस्तू काय, हे सगळं लिहा. एखाद्याच्या वडिलांनी ग्राफिक्स कार्डाला पैसे दिले असतील, तर ते भांडवल की उसने, तेही त्याच दिवशी लिहा. आमच्याकडे हाच प्रश्न तीन वर्षांनी निघाला आणि तेव्हा प्रत्येकाची आठवण वेगळी होती. भागीदारी कायद्यात भांडवलाच्या वर दिलेल्या पैशावर ६ टक्के व्याज धरायची तरतूद आहे, पण ते 'वर' होतं हे आधी दाखवता आलं पाहिजे.

नोकरी सांभाळून काम करणारा कोणी असेल तर थांबा आणि त्याचं नेमणूकपत्र वाचा. पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम गावात बसून करणारे आता बरेच आहेत. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. कंपनीच्याच लॅपटॉपवर, कंपनीच्याच वेळेत तुमच्या गेमचा कोड लिहिला गेला, तर उद्या तिसराच हक्क सांगायला येईल.

पायरी २ : तुम्ही गप्प राहिलात तर कायदा काय धरतो ते जाणून घ्या

चौघं नफ्यासाठी एकत्र धंदा करू लागले की कागद नसतानाही ती भागीदारी होऊ शकते. मग १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा लागतो आणि तुम्ही जे ठरवलं नाही ते तो ठरवतो. नफा-तोटा सारखा वाटायचा. काम केल्याबद्दल भागीदाराला पगार नाही. धंद्याच्या कामात एका भागीदाराने केलेला व्यवहार सगळ्यांवर बंधनकारक, आणि देणं झालं तर घरापर्यंत येणारं. फर्म नोंदलेली नसेल, तर करारातल्या हक्कासाठी भागीदाराला फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. फर्म विसर्जित करून हिशेब मागण्याचा रस्ता तेवढा उघडा राहतो.

या कायद्यातल्या दोन गोष्टी दुबळ्या बाजूच्या भागीदाराने पाठ कराव्यात. भागीदारांनी एकमेकांना खरा आणि पूर्ण हिशेब द्यायचाच असतो. आणि करारात तसा अधिकार दिलेला नसेल, तर बहुमताने भागीदाराला हाकलता येत नाही. करारात अधिकार असला तरी तो सद्भावनेनेच वापरावा लागतो. माझ्या वेळी याच दोन गोष्टींनी बोलणी सुरू झाली. शिवाय लेखी काही नव्हतं, त्यामुळे चौघांत सारखा म्हणजे २५ टक्के वाटा गृहीत धरला गेला असता, आणि २० च ठरला होता हे दाखवायची जबाबदारी त्यांच्यावर पडली असती. कागद नसल्याने त्यांचंही नुकसान होणार होतं.

भागीदारीऐवजी एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) काढलीत तर देण्याची जबाबदारी मर्यादित राहते. पण तिथेही करार गप्प असेल तर वाटे सारखेच. एलएलपीचा करार स्थापनेपासून ३० दिवसांत दाखल करायचा असतो. घाईत इंटरनेटवरचा नमुना चिकटवून दाखल केलेले करार मी पाहिलेत, त्यात गेमचा ग सुद्धा नसतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढलीत तर शेअर सर्टिफिकेट दोन महिन्यांत हातात मिळालं पाहिजे. ते मिळेपर्यंत 'तू संचालक आहेस ना' या शब्दावर समाधान मानू नका. संचालक असणं आणि मालक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं मत विचाराल तर पहिल्या छोट्या गेमला एलएलपी पुरते. बाहेरचा पैसा किंवा प्रकाशक येणार असेल तर कंपनी.

सगळ्यांना सारखा वाटा असू नये, असं मुळीच नाही. फ्रान्समधल्या बोर्दोचा मोशन ट्विन हा स्टुडिओ कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था म्हणून चालत आला आणि २०१८ साली पूर्ण रूपात आलेली 'डेड सेल्स' याच पद्धतीने बनली, सारखा पगार, सारखा आवाज. पण तो त्यांनी विचार करून स्वीकारलेला नियम होता. लाजेने कोणी बोललं नाही म्हणून सारखा झालेला वाटा टिकत नाही.

पायरी ३ : वाटा पिकू द्या

पहिल्याच दिवशी २५ टक्के देऊन टाकले आणि तो मित्र सहा महिन्यांत दुबईला गेला, तर? उरलेले तिघं तीन वर्षं राबणार आणि चौथा हिस्सा त्याचा. यावर उपाय म्हणजे व्हेस्टिंग. रूढ पद्धत अशी की वाटा चार वर्षांत थोडा थोडा पक्का होतो. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच पक्कं होत नाही, ते झालं की एकदम चौथा भाग, मग दरमहा. हापूसचं कलम लावल्यावर आपण जशी कळ काढतो, तसंच.

मात्र व्हेस्टिंगची ही अट दोन्ही बाजूंनी लिहा. स्वतःहून सोडून जाणारा, आजारपणाने किंवा बाळंतपणाने थांबणारी, आणि बाकीच्यांनी काढून टाकलेला, या तिघांना एकच नियम लावणं अन्याय आहे. वर्ष पूर्ण व्हायला पंधरा दिवस असताना एखाद्याला बाहेर काढायचा मोह होतो. कारणाशिवाय काढलं तर तोवरचा वाटा पक्का धरायचा, एवढी ओळ करारात हवीच.

पायरी ४ : कोड आणि चित्रं कोणाची?

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण गेम स्टुडिओकडे जमीन नसते, यंत्रं नसतात. जे काही असतं ते याच दोन-चार फोल्डरांत.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार काम करणारा हाच पहिला मालक. नोकरदाराचा अपवाद वर सांगितला. पण सहमालक बहुतेक वेळा नोकरदार नसतो. त्याने काढलेला राक्षस, तिने लिहिलेला संवाद, तुम्ही बसवलेली लढाईची यंत्रणा हे ज्याचं त्याचं राहतं, लेखी सही करून स्टुडिओच्या नावे देईपर्यंत. तोंडी हस्तांतरणाला अर्थ नाही.

आणि लेखी दिलंत तरी तीन ओळी विसरू नका. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. प्रदेश लिहिला नाही तर हक्क भारतापुरतेच धरले जातात, आणि तुमचे खरेदीदार तर बाहेरही असणार. तिसरी ओळ गेमवाल्यांच्या मुळावर येणारी : हक्क घेणाऱ्याने ते एका वर्षात वापरले नाहीत, तर वेगळं लिहिलेलं नसल्यास ते परत जातात. गेम बनायलाच तीन वर्षं लागतात. म्हणून 'संपूर्ण कॉपीराइट मुदतीसाठी, जगभरासाठी, आणि एका वर्षात वापर न झाल्यास हक्क परत जाण्याची अट लागू नाही' हे शब्द वकिलाकडून घालून घ्या. पुढे बनणाऱ्या कामाचेही हक्क आज लिहून देता येतात, काम अस्तित्वात आलं की ते लागू होतात.

आता हे सहमालकाच्या बाजूने बघा. सगळे हक्क स्टुडिओला लिहून देताना त्याच कागदावर 'आणि त्या बदल्यात' असं काहीतरी हवं : शेअर, वाटा किंवा रक्कम. एकीकडे हक्क आजच जाणार आणि वाटा 'पुढे बघू', असा कागद समोर आला तर सही करू नका. माझ्या वेळी अशी सही झालीच नव्हती. त्यामुळे मी काढलेली गेमच्या पातळ्यांची (लेव्हलची) मांडणी माझीच राहिली आणि माझ्या संमतीशिवाय त्यांना गेम निर्धास्तपणे विकता येईना.

हक्क दिले तरी नाव जात नाही. कामाचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा अधिकार हस्तांतरणानंतरही कर्त्याकडे राहतो. श्रेयनामावलीत कोणाचं नाव कुठे आणि सोडून गेल्यावरही ते राहणार की नाही, हे करारात स्पष्ट लिहा. या धंद्याचं पहिलं मोठं भांडणही याच कारणाचं. अटारी या अमेरिकन गेम कंपनीच्या चार प्रोग्रामरना गेमवर नाव नाही आणि विक्रीत वाटा नाही, म्हणून ते बाहेर पडले आणि १९७९ साली अ‍ॅक्टिव्हिजन उभी राहिली.

बाहेरच्यांचंही बघा. गेमसाठी दशावतारातल्या मृदंग-झांजेचं वादन रेकॉर्ड केलंत, तर वादकांना पैसे द्या, नाव द्या आणि परवानगी लेखी घ्या. 'गावातलेच आहेत' म्हणून सोडू नका. गावातले आहेत म्हणूनच नीट करा.

पायरी ५ : चाव्या दोघांकडे

कोडची रिपॉझिटरी, स्टीमवर्क्सचं खातं (स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात विकण्यासाठीचं), गुगल प्लेचं खातं, डोमेन, ईमेल, बँक. ही आपली गोडाऊनं. बहुतेक ठिकाणी सगळ्यांची चावी एकाच्या खाजगी ईमेलवर असते, कारण पहिल्या दिवशी त्याच्याच कार्डावरून स्टीमचे १०० डॉलर किंवा प्लेचे २५ डॉलर भरलेले असतात. आमचंही तसंच होतं. ज्याच्या नावावर खातं, त्याने एका बटणात मला बाहेर केलं.

खाती स्टुडिओच्या ईमेलवर काढा, पूर्ण अधिकार असलेले किमान दोन सहमालक ठेवा आणि कोणालाही काढायचं असेल तर बाकी सर्वांची लेखी संमती, असा नियम करा. आठवड्याला एकदा कोडची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर, ती वेगळ्या घरी. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये तळमजल्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय. पुरापासून वाचवणारी प्रत भांडणातही उपयोगी पडते. चतुर्थीला गावी जायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने सगळ्या खात्यांत एकदा शिरून बघावं. पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी ६ : 'नफा' म्हणजे काय ते लिहा

विक्रीचा आकडा बघून कोणी हुरळू नये. स्टीम साधारण ३० टक्के ठेवतं. दोन तासांच्या आत खेळून १४ दिवसांत परत केलेल्या प्रतींचे पैसे जातात. वर कर आणि बँकेचा चलनबदल. वाटा कशावर : विक्रीवर, हातात आलेल्या रकमेवर, की खर्च वजा जाता? आणि कुठला खर्च? माडीचं भाडं हो, कोणाच्या बाइकचं पेट्रोल नाही, अशी यादीच जोडा. दर महिन्याला हिशेबाचं पत्रक सगळ्यांना एकाच दिवशी गेलं पाहिजे. हिशेब मागावा लागला की मागणारा संशयी ठरतो.

पायरी ७ : वागणूक

सहमालकाला बाहेर काढण्याची सुरुवात कधीच कागदाने होत नाही. आधी एका बैठकीचं त्याला सांगितलं जात नाही. मग त्याचा निर्णय दुसराच फिरवतो. मग प्रकाशकाशी बोलताना 'आमचा आर्टिस्ट' अशी ओळख होते, भागीदार अशी नाही. हे तुम्ही करत असाल तर आजच थांबा आणि जे खुपतंय ते समोर बोला. तुमच्या बाबतीत होत असेल तर त्याच दिवशी शांत शब्दांत ईमेल करा : 'अमुक तारखेच्या बैठकीची सूचना मला नव्हती, यापुढे मिळावी.' कंपनीत संचालक मंडळाच्या बैठकीची सूचना साधारणपणे सात दिवस आधी द्यावी लागते, ती मागायला लाजू नका.

रिलीजच्या आधीचे जागरणाचे आठवडे भांडणं पिकवतात. लोड शेडिंग आणि पावसाळी नेट यांत आपल्याकडे वेळापत्रक तसंही हलतं, तेव्हा रिलीजची तारीख जून ते सप्टेंबर टाळा. आठवड्यात एक पूर्ण सुट्टी कोणाचीही मोडू नका, मालकाचीसुद्धा.

स्टुडिओतल्या मुलींबाबत एक स्पष्ट सांगतो. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा चार जणांच्या माडीलाही लागू आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती नेमावीच लागते. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने. 'ती तर पार्टनर आहे, कर्मचारी नाही' हे उत्तर चालत नाही. नोकरीत नसलेल्या स्त्रीलाही या कायद्याचं संरक्षण आहे.

पायरी ८ : ठिणगी पडली तर पहिल्या आठवड्यात

मी काय चुकलो ते सांगतो. त्या रात्री रागाने मोठमोठे मेसेज केले. ते नंतर माझ्याविरुद्ध वाचले गेले.

आधी पुरावे जमा करा : बँकेच्या नोंदी, ईमेल, चॅटची पूर्ण एक्स्पोर्ट केलेली फाइल, कोडच्या नोंदींतल्या तारखा, मूळ चित्रांच्या फायली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. दुसऱ्याच्या खात्यात चोरून शिरू नका आणि सर्व्हर बंद पाडू नका. त्याने तुमचीच बाजू पडते. जाहीर पोस्ट टाकायची असेल तर वकिलाला दाखवून.

मग लेखी नोटीस : हिशेब द्या, प्रवेश पूर्ववत करा, अमुक दिवसांत बसू. करारात लवादाचं कलम असेल तर तो रस्ता. नसेल तर मध्यस्थी. ३ लाखांवरच्या व्यापारी वादात, तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. तिथे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. आमचं भांडण कोर्टात न जाता मध्यस्थाच्या टेबलावर, चार बैठकांत मिटलं. तिसऱ्या बैठकीत, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोललो.

कंपनी असेल तर हे नीट समजून घ्या : संचालकपदावरून काढलं म्हणजे शेअर गेले असं होत नाही. सभासदांनी संचालकाला काढायचं तर किमान १४ दिवसांची खास सूचना लागते आणि त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. शेअर त्याच्याकडेच राहतात. बहुमतवाले छळवणूक किंवा गैरव्यवस्थापन करत असतील तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जाता येतं. त्यासाठी १० टक्के शेअर किंवा सभासदसंख्येचा दहावा भाग पुरतो, म्हणजे चौघांच्या कंपनीत एकटा सभासदही. आणि विशेष ठरावाला ७५ टक्के मतं लागत असल्याने, २५ टक्क्यांहून थोडा जास्त वाटा हातात असणं म्हणजे मोठी ढाल असते. वाटे ठरवताना हा आकडा डोक्यात ठेवा. दोघंच असाल आणि ५०-५० असेल, तर अडलं की कोणाचं ऐकायचं तेही आधीच लिहा.

शेअर हातात असूनही माणूस बाहेर पडू शकतो. 'डिस्को एलिझियम' ही गेम २०१९ साली आली आणि गाजली. ऑक्टोबर २०२२ मध्ये उघड झालं, की तिचा मुख्य कर्ता रॉबर्ट कुर्विट्झ, हेलेन हिंडपेरे आणि अलेक्झांडर रोस्टोव्ह हे झेडए/यूएम स्टुडिओतून आदल्या वर्षाच्या अखेरीस इच्छेविरुद्ध बाहेर पडलेत. कंपनीचं बहुमत कंपनीच्याच पैशातून घेतलं गेलं, असा कुर्विट्झ आणि रोस्टोव्ह यांचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला आणि वर्तनाचं कारण दिलं. कोण खरं हे मी ठरवणार नाही. पण ज्यांनी ते जग रचलं ते त्याच्या बाहेर उभे राहिले, एवढं पुरेसं आहे. म्हणून करारात लिहा : कोणीही शेअर विकताना आधी बाकीच्या सहमालकांना विचारायचं, आणि नवे शेअर काढले तर सगळ्यांना आपापल्या प्रमाणात घ्यायची संधी.

स्टुडिओ विकल्यावरही हाच सावधपणा. 'मॉडर्न वॉरफेअर २' ही गेम नोव्हेंबर २००९ मध्ये आली. मार्च २०१० मध्ये ती बनवणाऱ्या इन्फिनिटी वॉर्ड स्टुडिओचे संस्थापक जेसन वेस्ट आणि विन्स झॅम्पेला यांना मालक कंपनी अ‍ॅक्टिव्हिजनने काढलं. रॉयल्टीवरून झालेला दावा २०१२ साली तडजोडीने मिटला. पुढे मिळायच्या पैशाची अट 'नोकरीत असाल तर' अशी असेल, तर नोकरी कोणाच्या हातात आहे ते आधी बघा.

पायरी ९ : सोडून जायचा दिवस

वाट्याची किंमत कशी काढायची, ती कोण काढणार आणि किती हप्त्यांत द्यायची, हे करारात हवं. भागीदारीत अंतिम हिशेब न करता बाकीचे धंदा चालवत राहिले, तर गेलेला भागीदार त्याच्या मालमत्तेतून झालेला नफा किंवा ६ टक्के व्याज, यांपैकी एक निवडू शकतो. तसंच, सोडल्याची जाहीर सूचना दिली नाही तर पुढच्या देण्यातही तुमचं नाव राहू शकतं. 'दोन वर्षं कुठेही गेम बनवायची नाही' अशी अट असेल तर घाबरू नका. १८७२ च्या करार कायद्यात धंद्याला बंदी घालणारा करार साधारणपणे रद्दबातल आहे. पण भागीदारी सोडताना ठराविक मुदतीपुरतं किंवा प्रदेशापुरतं घातलेलं वाजवी बंधन भागीदारी कायद्यात चालतं, म्हणून ती अट वकिलाला दाखवा. मात्र स्टुडिओची गुपितं बरोबर नेऊ नका.

माझा हिशेब अकरा महिन्यांनी, तीन हप्त्यांत मिळाला. श्रेयनामावलीत नाव पुढच्या अपडेटला आलं. लॅपटॉप परत करायला मी त्या माडीवर गेलो, तेव्हा सीएने सांगितल्याप्रमाणे दोन प्रती नेल्या होत्या : यंत्राचा क्रमांक, त्यातल्या फायलींची यादी, तारीख, वेळ. लॅपटॉप घेणाऱ्या भागीदाराने आणि मी सह्या केल्या. एक प्रत त्या भागीदाराकडे, एक माझ्याकडे.